वाचकांचे प्रश्न : हवामान बदल म्हणजे काय आणि तो कशामुळे?

मागील अंकात मोसमी पावसाच्या बदलत्या वागण्यावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख दोनच गोष्टींवर आहे : हवामान बदल नेमके कशाला म्हणायचे, आणि तो माणसामुळे होतो आहे असे शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर सांगतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. तिसऱ्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया तेथे आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मार्च महिन्यात गारपीट झाली की मुले विचारतात, ‘बाई, हाच का हवामान बदल?’ त्यांना होय म्हणावे की नाही? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

एकट्या गारपिटीवरून होय म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. आज आकाशात काय घडले हा एक प्रश्न आहे आणि एखाद्या प्रदेशात दीर्घकाळ साधारणपणे काय घडत असते हा वेगळा प्रश्न आहे, हे मुलांना आधी सांगावे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जागतिक हवामान संघटनेने तीस वर्षांच्या नोंदींचा दंडक घातला आहे. एखादे वर्ष प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापवणाऱ्या एल निनोमुळे कोरडे जाते, एखादे ते थंड करणाऱ्या ला निनामुळे ओले जाते, आणि असे चढउतार सरासरीत विरून जायला तेवढा काळ लागतो. ही दीर्घ सरासरीच जेव्हा एका दिशेने सरकू लागते, किंवा सरासरी फारशी न हलताही अतिवृष्टी, उष्णतेच्या लाटा आणि पावसातले लांबलेले खंड यांची वारंवारता बदलते, आणि हा बदल दशकानुदशके टिकून राहतो, तेव्हा त्याला हवामान बदल म्हणतात.

वर्गात सांगण्याजोगे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. त्याआधीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या वेळापत्रकात मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. या फेरबदलात नव्या काळातील नोंदींचा जसा वाटा आहे तसाच नोंदकेंद्रांच्या वाढलेल्या संख्येचाही आहे, म्हणून केवळ तारीख बदलली हा हवामान बदलाचा पुरावा मानू नये. परंतु दीर्घ काळाच्या नोंदी हाताशी असल्या की ‘नेहमीचे’ काय हेही पुन्हा ठरवावे लागते, हे त्यातून मुलांना उमगेल.

जगाचा विचार केला तर १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. २०२४ हे मोजमापांच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्या एका वर्षापुरती ही वाढ सुमारे दीड अंशापर्यंत पोहोचली. मुले म्हणतील, दीड अंश तर सकाळपासून दुपारपर्यंतही वाढतो. त्यांना सांगावे की सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होते, आणि तेव्हा समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती.

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा हजार भागांत चार भाग एवढेच आहे असे वाचले. एवढ्याशा वायूने सगळी पृथ्वी कशी तापेल? — एक द्राक्षबागायतदार, निफाड

आपण या प्रश्नाचे निम्मे उत्तर दर हिवाळ्यात बागेत अनुभवता. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र राहिले की निफाडचा पारा पहाटे पार खाली येतो, मणी तडकण्याची धास्ती लागते आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच दिवसांत ढग आले तर रात्र उबदार जाते आणि थंडीऐवजी डावणी या बुरशीजन्य रोगाची चिंता सुरू होते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता वर सोडत असते. निरभ्र आकाशातून त्यातली पुष्कळशी थेट निघून जाते, ढग मात्र ती शोषून काही भाग पुन्हा खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे वायू डोळ्यांना न दिसता, रात्रंदिवस, हेच काम करतात. म्हणून त्यांना हरितगृह वायू म्हणतात.

प्रमाण एवढे थोडे असूनही परिणाम मोठा का, याचे कारण उरलेल्या हवेत आहे. कोरड्या हवेचा सुमारे ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो, आणि हे दोन्ही वायू पृथ्वीकडून निघणाऱ्या अवरक्त किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. त्यामुळे उष्णता अडवण्याचे काम उरलेल्या थोड्या वायूंवरच येऊन पडते. ते वातावरणात मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असते, म्हणजे हे वायू मुळात आपले उपकारकर्तेच आहेत. अडचण त्यांचे प्रमाण वाढवण्यात आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत, म्हणजे मूळ प्रमाणाच्या दीडपट.

हा शोध अलीकडचा नाही. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही अधिक वेळ लागला. या वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वी अधिक तापेल, असा निष्कर्ष त्यांनी तेव्हाच मांडला. तीनच वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी कोणता वायू किती उष्णता शोषतो याची काटेकोर मोजमापे सुरू केली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागदावर आकडेमोड करून सांगितले की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचा सर्वोत्तम अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. संगणक स्वप्नातही नव्हता त्या काळात केलेला हिशेब इतका जवळ यावा, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कारखाने नव्हते. मग आजची तापमानवाढ नैसर्गिक नाही, हे एवढ्या खात्रीने कसे सांगता येते? — एक निवृत्त अभियंता, ठाणे

पूर्वीचे बदल नैसर्गिक होते हे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. परंतु ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘विनाकारण’ असे होत नाही. प्रत्येक बदलामागे काही कारण होते, आणि त्यातली मुख्य कारणे आज मोजता येतात. म्हणून शास्त्रज्ञांनी एकेक कारण तपासून पाहिले.

हिमयुगांचे मूळ पृथ्वीच्या कक्षेच्या आकारात, तिच्या आसाच्या कलण्यात आणि त्या आसाच्या भोवऱ्यासारख्या डोलण्यात आहे. सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी या गतींचा सविस्तर हिशेब मांडला. त्यांचे आवर्तन सुमारे वीस हजार वर्षांपासून एक लाख वर्षांपर्यंतचे असते, आणि त्या हिशेबाने आज पृथ्वी अतिशय मंद गतीने थंड होत जायला हवी होती. गेल्या हिमयुगातून बाहेर पडताना पाच-सहा अंशांची वाढ व्हायला सुमारे दहा हजार वर्षे लागली. आजचा एका अंशाहून अधिक फरक मात्र दीडशे वर्षांत, आणि त्यातलाही बराचसा गेल्या पन्नास वर्षांत पडला आहे.

दुसरा संशयित सूर्य. त्याची तेजस्विता १९७८ पासून उपग्रहांवरून सातत्याने मोजली जाते. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे एक दशांश टक्क्याने खालीवर होते, पण या काळात ती वाढत गेल्याचे दिसत नाही. सूर्यच कारण असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात आपण राहतो ते तपांबर तापत आहे आणि त्यावरचे स्थितांबर थंड होत आहे. उष्णता खालच्या थरात अडवली जात असेल तरच असे घडू शकते. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास नेमके हेच दिसेल, असे स्युकुरो मानाबे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते, आणि हवामानाच्या गणिती प्रारूपांवरील (मॉडेल्सवरील) कामासाठी मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्वालामुखींची गोष्ट थोडक्यात आटोपते. त्यांतून वर्षाला बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, आणि मोठ्या उद्रेकाने पृथ्वी काही काळ थंडच होते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते.

आता उरतो तो हवेत वाढलेला कार्बन, आणि तो कोठून आला हे तो स्वतःच सांगतो. जिवंत झाडात आणि प्राण्यांत कार्बन-१४ हे किरणोत्सर्गी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे रूप) अल्प प्रमाणात असते आणि सुमारे ५,७३० वर्षांत ते निम्मे होते. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे, त्यात कार्बन-१४ उरलेलेच नाही. असा कोळसा आणि तेल जाळले की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण विरळ होते, आणि ते तसे होत असल्याचे हान्स झ्यूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या वार्षिक कड्यांवरून दाखवले. वनस्पतींना कार्बन-१३ पेक्षा हलके कार्बन-१२ अधिक मानवते, त्यामुळे वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ कमी असते, आणि हवेतही आता तेच कमी होत चालले आहे. ज्वालामुखीच्या कार्बनमुळे असे झाले नसते. शिवाय हवेतील ऑक्सिजन अगदी सूक्ष्म प्रमाणात, पण ज्वलनाच्या हिशेबाशी जुळेल असा घटतो आहे. समुद्रातून किंवा खडकातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असता, तर ऑक्सिजन खर्च होण्याचे काही कारण नव्हते.

आपण अभियंते आहात, म्हणून हिशेबही मांडतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते, पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅमचा होतो. जगभरच्या इंधनांतून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन आणि जंगलतोडीसारख्या जमिनीच्या वापरातील बदलांतून आणखी सुमारे चार अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हवेतील प्रमाण दहा लाखांत एका भागाने वाढायला जवळपास आठ अब्ज टन लागतात, म्हणजे सगळा वायू हवेतच राहता तर दरवर्षी पाच भागांची वाढ दिसली असती. प्रत्यक्षात ती सुमारे अडीच भागांची दिसते, कारण उरलेला निम्मा समुद्र आणि जंगले शोषून घेतात.

हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा प्रमाण दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होते, २०२४ मध्ये ते ४२४ च्या आसपास होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून गेल्या आठ लाख वर्षांची नोंद मिळाली आहे, आणि एवढ्या प्रचंड काळात हे प्रमाण एकदाही ३०० च्या वर गेलेले नाही. अशी मोजणी आपल्याकडेही होते. गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून, आणि सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतर्फे २००९ पासून हवेचे नमुने घेण्यास सुरुवात झाली. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी हवा यांतील फरक तेथे स्पष्ट दिसतो. सिंहगडावर पिठले-भाकरी खायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, असा विचार मनात येतो. हे काम ठाऊक असायला हवे.

प्रश्न : आपल्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, ओझोनचे छिद्र आणि गाईगुरे, यांपैकी खरे कारण कोणते? — एक विद्यार्थी, लातूर

श्वास हे कारण नाही. आपण बाहेर टाकतो तो कार्बन अन्नातून आलेला असतो, आणि तो पिकांनी थोड्याच काळापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो.

ओझोनच्या थराची झीज हा वेगळा प्रश्न आहे. ती शीतयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनसारख्या रसायनांमुळे झाली आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आता हळूहळू भरून येत आहे. ही रसायने स्वतः तीव्र हरितगृह वायूही आहेत, त्यामुळे त्या कराराने तापमानवाढीलाही काही प्रमाणात आळा घातला.

गाईगुरांचा वाटा मात्र खरा आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात, पाणी साचलेल्या भातखाचरांत आणि कचऱ्याच्या डोंगरांत मिथेन तयार होतो, कोळशाच्या खाणींतून आणि नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांतूनही तो गळतो. तो हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. पिकाच्या मुळांना न लागलेल्या युरियापासून मातीतील जिवाणू नायट्रस ऑक्साइड बनवतात, तो तर अडीचशे पटींहून अधिक प्रभावी आहे. तरीही एकूण वाढीतला सर्वांत मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचाच आहे.

प्रश्न : २६ जुलै २००५ चा प्रलय हवामान बदलामुळे झाला, असे काही म्हणतात. दुसरे म्हणतात, मिठी नदी बुजवल्यामुळे झाला. खरे काय? — एक वाचक, कुर्ला

त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच वेळी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नाही. शहरातले पाणी न ओसरण्याला मिठीचे आकसलेले पात्र, बुजवलेली खारफुटी, भरतीची वेळ आणि तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची यंत्रणा ही कारणे होती. पाऊस किती पडला आणि पडलेल्या पावसाचे पुढे काय झाले, हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की यंत्रणांना जबाबदारी झटकायला आयते निमित्त मिळते, आणि त्याची किंमत चाळीतल्या तळमजल्यावरचे लोक देतात. म्हणून हा भेद मी आग्रहाने सांगतो आहे.

पावसाच्या बाजूचे उत्तर असे आहे की एकट्या घटनेवरून ठामपणे बोलता येत नाही, पण अशा घटनांची संख्या मोजता येते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. वाढलेल्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रांनी पोटात घेतली आहे, आणि उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने तापला. उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढलेले चढउतार आहेत. याच काळात हंगामातला एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, उलट काहीसा घटला. एकूण पाऊस घटतो आणि मुसळधार पावसाचे दिवस वाढतात, याचा अर्थ मधले कोरडे दिवस लांबतात. मराठवाड्यातला शेतकरी एकाच हंगामात दुबार पेरणीही करतो आणि पंचनाम्याचीही वाट पाहतो, त्याचे एक कारण येथे सापडते.

आता एखाद्या घटनेतला हवामान बदलाचा वाटा काढण्याची पद्धतही विकसित झाली आहे. आजच्या हवेत ती घटना किती संभवनीय आहे, आणि हरितगृह वायू वाढलेच नसते तर किती संभवनीय असती, अशी तुलना प्रारूपांच्या साहाय्याने केली जाते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे तीस पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष अशा अभ्यासातून निघाला. २००५ च्या पावसासारख्या, थोड्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या ढगांबाबत ही पद्धत अजून तेवढी भक्कम नाही.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. येथील मित्र म्हणतात, भारत आणि चीन कोळसा जाळतात म्हणून पृथ्वी तापते. हे कितपत खरे आहे? आणि भारत जगापेक्षा कमी तापला आहे, हे कसे? — एक कुटुंब, न्यू जर्सी

कोणत्या वर्षाचा हिशेब आपण धरता त्यावर उत्तर अवलंबून आहे. आजच्या वार्षिक उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा आहे, आणि भारताची सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर निर्माण होते. परंतु कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो, त्यामुळे तापमान ठरते ते आजवर साठत गेलेल्या एकूण उत्सर्जनावर. हौदात किती पाणी आहे हे आजच्या धारेवरून नव्हे, तोटी कधीपासून सुरू आहे यावरून कळते, तसेच हे आहे. औद्योगिक क्रांतीपासून इंधनांतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे. दरडोई पाहिले तर भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन आणि अमेरिकी माणसामागे सुमारे चौदा टन उत्सर्जन होते.

आपला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमी. याचे एक मोठे कारण आपल्या आकाशातला धूर आहे. कोळसा, डिझेल, चुली आणि जाळलेले पाचट यांतून निघणारे बारीक कण, विशेषतः सल्फेटचे कण, सूर्यप्रकाश परतवतात आणि जमिनीवर पोहोचणारे ऊन कमी करतात. गंगेच्या खोऱ्यात सिंचनाने ओली राहणारी जमीनही तापमान थोडे खाली ठेवते. हे कण काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, पावसाने धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड मात्र राहतो. हवा स्वच्छ होईल तसतशी आज झाकली गेलेली तापमानवाढ उघडी पडेल, असा याचा अर्थ आहे. म्हणून धूर राहू द्यावा असे कोणी सुचवले तर ते अजिबात मान्य करू नये, कारण तोच धूर लाखो लोकांचे आयुष्य कमी करतो, आणि जमिनीवरचे ऊन कमी झाल्याने मोसमी पाऊसही काही अंशी दुबळा होतो, असे अभ्यास सांगतात. धूर आणि कार्बन डायऑक्साइड बहुतांशी एकाच धुराड्यातून निघतात, त्यामुळे कोळशाचा वापर घटेल तेव्हा दोन्ही एकदमच घटतील. मिथेनची गळती त्याच सुमारास रोखली, तर धूर विरल्यामुळे होणाऱ्या वाढीचा काही भाग भरून निघू शकतो, कारण मिथेनही हवेत फार काळ टिकत नाही.